पाच गावांचा सोयाबीन-तूर, खरेदीदार लातूरला: क्लिनिंग-ग्रेडिंगचं युनिट नेमकं कुठं टाकावं?

शेतमाल_गट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं क्लिनिंग-ग्रेडिंग युनिट आणि त्याला लागून गोदाम करायचं ठरलंय. सध्या जागा बघायलोत. गावांची नावं मुद्दाम देत नाही, नाव फुटलं की दुसऱ्या दिवशी गुंठ्याचा भाव वाढतो. लातूर जिल्ह्यातली पाच गावं आहेत, अ, ब, क, ड, इ म्हणा. नकाशाचा नैऋत्य कोपरा शून्य धरून पूर्वेला किती आणि उत्तरेला किती किलोमीटर ते काढलंय. वर्षाचा माल सोयाबीन, तूर, हरभरा मिळून:

अ: पूर्व ४, उत्तर ६, माल ४,००० क्विंटल
ब: पूर्व १०, उत्तर १८, माल २,५००
क: पूर्व १६, उत्तर १०, माल ६,०००
ड: पूर्व २४, उत्तर २०, माल ३,०००
इ: पूर्व ३०, उत्तर ६, माल १,५००

एकूण १७,०००. माती, काडीकचरा आणि डागी दाणा काढून १६,५०० बाहेर जाईल, सगळा लातूरच्या खरेदीदाराकडं (पूर्व ३८, उत्तर १४).

भाडं विचारून घेतलंय. गावातून युनिटपर्यंत पिकअप किंवा छोटा हत्ती, रिकामी परतफेरी धरून सरासरी क्विंटलला किलोमीटरमागं २ रुपये. युनिटवरून लातूरला दहा टायरचा ट्रक, क्विंटलला किलोमीटरमागं ५० पैसे.

मी प्रत्येक ठिकाणचे क्विंटल गुणिले अंतर करून सरासरी काढली, लातूरचे १६,५०० धरून. उत्तर आलं पूर्व २६.३, उत्तर १२.८. तिथं बघितलं तर कोणाचा तरी ऊस उभा आहे, जवळ रस्ताही नाही. संचालकांत तीन मतं आहेत: एक म्हणतो सगळ्यात मोठं गाव क, तिथंच टाका, दुसरा म्हणतो महामार्गाचा फाटा, तिसरा म्हणतो लातूरच्या एमआयडीसीत गाळा भाड्यानं घ्या. हिशोब बरोबर आहे का, आणि नसला तर कुठं चुकला?

काटापट्टी

गुणाकार-भागाकार बरोबर आहे, पण वजन चुकीचं धरलंय. अ गावचा एक क्विंटल एक किलोमीटर हलवायला २ रुपये लागतात आणि लातूरचा एक क्विंटल ५० पैशांत हलतो. तुम्ही दोघांना सारखंच मोजलं, म्हणून लातूरनं तुमचा बिंदू चौपट जोरानं आपल्याकडं ओढला.

क्विंटल सोडा. प्रत्येक ठिकाणासाठी «युनिट एक किलोमीटर लांब गेलं तर वर्षाला किती रुपये जास्त» हा आकडा काढा:

अ ८,०००
ब ५,०००
क १२,०००
ड ६,०००
इ ३,०००
लातूर ८,२५० (१६,५०० × ०.५०)

बेरीज ४२,२५०. आता तीच सरासरी परत काढा. पूर्वेची गुणाकार-बेरीज ८,२१,५००, उत्तरेची ५,११,५००. भागिले ४२,२५०. बिंदू येतो पूर्व १९.४, उत्तर १२.१, म्हणजे क गावापासून सरळ रेषेत चार किलोमीटर. ऊसवाला वाचला.

दोन गोष्टी तपासून घ्या. नकाशावरून अक्षांश-रेखांश घेऊन किलोमीटर काढले असतील तर आपल्या भागात एक अंश उत्तर-दक्षिण सुमारे १११ किमी भरतो, पण एक अंश पूर्व-पश्चिम १०५ ते १०६ किमीच. दोन्हीला १११ लावलं की पूर्व-पश्चिम अंतर पाचेक टक्क्यांनी फुगतं. दुसरं म्हणजे ओलावा. परतीच्या पावसात काढलेलं सोयाबीन १६ टक्क्यांवर आलं आणि तुम्ही १२ वर वाळवलं, तर १०० किलोचे साडेपंचाण्णव किलो राहतात. साडेचार किलो नुसतं पाणी. कचरा त्याच्या वेगळा. तेव्हा १६,५०० हा आकडा कोरड्या वर्षाचा आहे. ओल्या वर्षी बाहेर जाणारं वजन कमी, म्हणजे लातूरची ओढही थोडी कमी.

नकाशेवाला

काटापट्टींनी वजन दुरुस्त केलं ते बरोबरच, पण पद्धतीतच एक गोम आहे. ही सरासरी अंतराच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करते. भाडं वर्गानं वाढत नाही, सरळ अंतरानं वाढतं. वर्ग घेतल्यामुळं लांबचं ठिकाण गरजेपेक्षा जास्त ओढतं. पाठ्यपुस्तकात «गुरुत्वमध्य पद्धत» म्हणून हीच शिकवतात आणि बरेच जण तिथंच थांबतात.

खरा प्रश्न जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबरनं १९०९ मध्ये मांडलेला आहे: वजन गुणिले अंतर, यांची बेरीज कमीत कमी कुठं? त्याला एका फटक्यात उत्तर देणारं सूत्र नाही, पण तुमच्या बाबतीत त्याची गरजच पडत नाही. एक तपासणी पुरते.

क गावात उभे राहा असं समजा. बाकीची पाचही ठिकाणं आपापल्या दिशेला, आपापल्या वजनानं तुम्हाला ओढतायत. अंतर किती ते इथं बघायचंच नाही, फक्त दिशा. क पासून अ १२ पश्चिमेला आणि ४ दक्षिणेला, सरळ अंतर १२.६५. म्हणून त्याची ओढ पश्चिमेला ८,००० × १२ ÷ १२.६५ = ७,५८९ आणि दक्षिणेला २,५३०. असंच सगळ्यांचं:

ब: पश्चिमेला ३,०००, उत्तरेला ४,०००
ड: पूर्वेला ३,७४८, उत्तरेला ४,६८५
इ: पूर्वेला २,८८५, दक्षिणेला ८२४
लातूर: पूर्वेला ८,११७, उत्तरेला १,४७६

वजाबाकी करून उरते पूर्वेला ४,१६१ आणि उत्तरेला ६,८०७. दोन्हीच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ७,९८० च्या आसपास. आणि क चं स्वतःचं वजन १२,०००. सगळे मिळून ७,९८० नं ओढतात आणि क १२,००० नं धरून ठेवतो. बिंदू क वरून हलत नाही. सरळ रेषेच्या हिशोबात उत्तर क गावच, त्याच्या शेजारचा चार किलोमीटरवरचा माळ नाही.

वर्षाचा खर्च, सरळ अंतरानं:

तुमचा पहिला बिंदू (२६.३, १२.८): ५.६६ लाख
दुरुस्त सरासरी (१९.४, १२.१): ४.८२ लाख
क गाव: ४.५६ लाख

क च्या जागी कुठल्याच गावाची पकड पुरली नसती, तर हंगेरीच्या वाइसफेल्डची १९३७ ची रीत एक्सेलमध्ये चालवावी लागली असती. सरासरी काढताना प्रत्येक वजनाला त्या वेळच्या अंतरानं भागायचं, नवा बिंदू घ्यायचा, परत तेच, आकडा स्थिर होईपर्यंत. बिंदू नेमका एखाद्या गावावर जाऊन बसला तर अंतर शून्य होतं आणि भागाकार फुटतो. म्हणून अंतरात ०.००१ मिळवून ठेवायचं.

सभासदांच्या बैठकीत हे आकडे कोणी ऐकणार नाही. त्यांना प्लायवर दाखवा. तीन बाय दोन फुटांचा प्लाय, त्यावर एका किलोमीटरला २ सेंटिमीटर या मापाचा नकाशा चिकटवा, सहा ठिकाणी भोकं पाडा. मासे धरायची नायलॉनची दोरी घ्या, सहा तुकडे, वरची टोकं एका छोट्या लोखंडी रिंगला बांधा, खालची टोकं भोकातून खाली सोडा. वाळू भरलेल्या बाटल्या वजन करून लटकवा: अ ८०० ग्रॅम, ब ५००, क १,२००, ड ६००, इ ३००, लातूर ८२५. प्लाय दोन टेबलांमध्ये आडवा ठेवा, बाटल्या जमिनीला टेकू देऊ नका. रिंग सोडली की ती क च्या भोकावर जाऊन बसते. नाही बसली तर दोरी भोकाच्या काठाला घासून अडतेय. भोकं पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, मेणबत्ती चोळा, आणि रिंग चार बाजूंनी हलवून सोडा. चारही वेळा एकाच जागी आली पाहिजे. रिंग भोकापेक्षा मोठी घ्या, नाहीतर क मधून खाली जाईल!

मांजराकाठ

सरळ रेषेवर एवढं प्रेम करू नका भाऊ. मधे नदी आहे की नाही ते कोणी विचारलंच नाही. गोदावरीकडं तर हा प्रकार रोजचा आहे: गेवराईहून अंबडला जायचं म्हणजे शहागडचा पूल, परभणीकडून दक्षिणेला उतरायचं म्हणजे गंगाखेडचा पूल. नकाशावर समोरासमोरची दोन गावं, आणि गाडीला पुलापर्यंत जाऊन परत यावं लागतं. प्रत्यक्ष रस्त्यानं किती किलोमीटर ते टाका.

शेतमाल_गट

बरोबर बोललात. ड गाव नदीपलीकडं आहे आणि पूल फाट्याच्या बाजूला. गाडीच्या मीटरवर मोजलेली अंतरं:

क पासून: अ १६, ब १३, ड २१, इ १९, लातूर २७.
फाट्यापासून: अ २३, ब १७, क ७, ड १४, इ १२, लातूर २०.

अ, ड, इ आणि लातूर यांचा रस्ता क आणि फाटा या दोन्हीतून जातो. ब ला फाट्याकडं आडवा रस्ता आहे, तीन किलोमीटर वाचतात.

काटापट्टी

हे दिल्यावर काम सोपं झालं. रस्त्याच्या जाळ्यावर हकिमी नावाच्या संशोधकानं १९६४ मध्ये दाखवून दिलंय की कमीत कमी खर्चाची जागा गावावर किंवा रस्ते मिळतात तिथंच सापडते, दोन गावांच्या मधल्या वाटेवर शोधत बसायचं कारण नाही. म्हणजे तुमच्याकडं मोजून सात जागा.

क: अ १,२८,०००, ब ६५,०००, ड १,२६,०००, इ ५७,०००, लातूर २,२२,७५०. एकूण ५,९८,७५०.
फाटा: अ १,८४,०००, ब ८५,०००, क ८४,०००, ड ८४,०००, इ ३६,०००, लातूर १,६५,०००. एकूण ६,३८,०००.
लातूर एमआयडीसी, त्याच पिकअपनं: ११,५३,०००.

कागद न घेता तोंडी करायचं तर क आणि फाटा यांच्यामधल्या सात किलोमीटरच्या तुकड्यावर उभे राहा. क च्या बाजूला अ, ब, क मिळून २५,०००. फाट्याच्या बाजूला ड, इ, लातूर मिळून १७,२५०. जिकडं जास्त तिकडं जा. (ब च्या आडव्या रस्त्यामुळं फरक थोडा कमी होतो, पण दिशा तीच.)

क मध्ये वर्षाला ३९,२५० रुपये वाचतात. आता हे जमिनीच्या भावाशी ताडून बघा. १० टक्के व्याजानं ३९ हजार म्हणजे साधारण चार लाखांची जमीन. फाट्यावरची जागा क पेक्षा चार लाखांनी महाग असली तर क चा फायदा दुप्पट, आणि फाट्याची जागा कोणी चार लाखांनी स्वस्त देत असेल तर हा सगळा वाद बरोबरीत सुटतो.

हमाली या हिशोबात धरू नका. भराई, उतराई, तोलाई किलोमीटरवर नसते, ती क मध्येही तेवढीच आणि फाट्यावरही तेवढीच. माल मधेच एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकावा लागला तरच ती मोजायची.

मालमोटार

सगळं ठीक, पण क गावात दहा टायर जाते का? सगळा हिशोब ५० पैशांवर उभा आहे आणि ते ५० पैसे दहा टायरचे आहेत. २०१८ च्या नव्या मर्यादेनं तीन अ‍ॅक्सलच्या गाडीला साडेअठ्ठावीस टन एकूण वजन चालतं, गाडीचं स्वतःचं वजन जाऊन १८ टनांच्या आसपास माल. ती गाडी फाट्यापासून आत सात किलोमीटर नेता आली पाहिजे, वळवता आली पाहिजे आणि भरून बाहेर काढता आली पाहिजे. ड्रायव्हर एकदा रुतला की पुढच्या वेळी ट्रान्सपोर्टवाला तुमच्या गावाचं नाव ऐकूनच वाढीव भाडं सांगतो.

दहा टायर आत येत नसेल तर क वरून आयशर (मधल्या आकाराचा ट्रक) लावावी लागेल. तिचा दर तुमच्याकडं ९० पैसे धरा. मग लातूरचं भाडं २,२२,७५० चं ४,००,९५० होतं, म्हणजे १,७८,२०० जास्त. क चा एकूण खर्च ७.७७ लाख, फाट्याचा ६.३८. उत्तर फिरलं.

सगळाच माल आयशरनं जाणार नाही, हेही खरं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रान ओलं असताना काढलेला माल आयशरनं, आणि गोदामात ठेवून फेब्रुवारीनंतर विकलेला दहा टायरनं, असं झालं तर? ३९,२५० भागिले १,७८,२०० = ०.२२. म्हणजे १६,५०० पैकी ३,६०० क्विंटलपेक्षा जास्त माल आयशरनं काढावा लागला की फाटा स्वस्त. तुमची कंपनी काढणीलाच विकते की थांबून विकते, यावर जागा ठरणार आहे. तारणावर ठेवून थांबायची ऐपत असेल तर क, काढणीला पैसे मोकळे करावे लागत असतील तर फाटा.

बांधावरचा

अ गावच्या शेतकऱ्याला कोणी विचारलं का? फाट्यावर टाकलं तर त्याला २३ किलोमीटर. भाडं कंपनी देणार असेल तर ठीक, पण त्याच्या ट्रॅक्टरनं, त्याच्या डिझेलनं आणायचं असेल तर तो आणणारच नाही, गावातल्या आडत्याच्या काट्यावर घालून मोकळा होईल. कागदावर ४,००० क्विंटल आणि काट्यावर शून्य.

काटापट्टी

@बांधावरचा, हा आकडा काढून बघण्यासारखा आहे. अ चे ४,००० वजा केले की लातूरला जाणारेही ३,८८० नं कमी होतात, लातूरचं वजन ६,३१० वर येतं (१२,६२० × ०.५०). मग क ४,१८,३७०, फाटा ४,१५,२००. फरक तीन हजार, म्हणजे काहीच नाही. क चं पारडं जड होतं ते फक्त अ मुळं. अ गावचे सभासद किती, त्यांचा मागच्या दोन हंगामांतला माल खरंच किती आला, हे पावती पुस्तकावरून काढा. सभासद अर्जावर लिहिलेलं एकर गुणिले अंदाजे उतारा, असं काढू नका.

तिफण

तुम्ही सगळे जागेवर भांडताय आणि २ रुपयांकडं कोणी बघेना. छोट्या हत्तीत सात-आठ क्विंटल, पिकअपमध्ये पंधरा. तीच गाडी रिकामी परत. गावात साठ क्विंटल एकदम भरून आयशर लावली तर ९० पैशांत माल येतो.

आवक आयशरनं धरून परत मांडा. फाटा: आवक २,१२,८५०, जावक १,६५,०००, एकूण ३.७८ लाख. क: आवक १,६९,२००, जावक (दहा टायर आत येते असं धरून) २,२२,७५०, एकूण ३.९२ लाख. दोन गोष्टी झाल्या. फाट्याचा खर्च अडीच लाखांनी खाली आला, आणि दहा टायर आत येत असूनही फाटा पुढं गेला, कारण आवक स्वस्त झाली की गावांची ओढ कमी होते. जागेतून वाचत होते ३९ हजार, गाडी बदलून वाचतात २ लाख ६० हजार. तीन महिने जागेवर बैठका घेण्यापेक्षा एक बैठक गाडीवर घ्या.

आता यातली अडचण. शेतकरी एकावेळी पाच-दहा क्विंटल आणतो. साठ क्विंटल जमेपर्यंत गावात ठेवायचे तर शेड, ताडपत्री, वजनकाटा, ओलावा मीटर आणि बसायला एक माणूस पाहिजे. शिवाय एक उतराई आणि एक भराई जास्तीची. २,६०,१५० भागिले १७,००० म्हणजे क्विंटलला १५ रुपये ३० पैसे. गावातल्या या जास्तीच्या हाताळणीचा खर्च पंधरा रुपयांच्या आत बसत असेल तर करा, वर जात असेल तर पिकअपच बरी. हमालीचे दर तुमच्या भागात काय आहेत ते बघून बोला, माझा अंदाज आहे की पोती असतील तर बसणार नाही.

बसवायचं तर माल उतरवायचाच नाही. मळणीयंत्राच्या मागं गाडी लावायची. एका शिवारात दोन-तीन जणांची मळणी एकाच दिवशी असते, आयशर एकाकडून वीस, दुसऱ्याकडून पंचवीस, तिसऱ्याकडून पंधरा घेत बाहेर पडते. प्रत्येकाच्या पोत्याला वेगळ्या रंगाची सुतळी आणि शिवतानाच चिठ्ठी आत, नाहीतर युनिटवर ओलाव्यावरून भांडणं. यासाठी मळणीयंत्रवाल्याचं दोन दिवस आधीचं वेळापत्रक हातात लागतं.

ट्रॅक्टरच्या भरवशावर राहू नका. उसाचे कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टर-ट्रॉल्या ऊस वाहतुकीला जातात, आणि नेमकी तेव्हाच तुमची तूर येते. सप्टेंबरात ठरवलेला दर जानेवारीत टिकत नाही. दोन हंगामांचे दोन वेगळे दर टाकून हिशोब करा.

शेतमाल_गट

तिफण भाऊ, हे डोक्यातच आलं नव्हतं. एक विचारायचं राहिलं. पुढच्या टप्प्यात तुरीची डाळ मिल टाकायचा विचार आहे. तेव्हा जागा बदलेल का? आणि लातूरहून रेल्वेनं बाहेर पाठवायचं काही जमेल का?

नकाशेवाला

रेल्वेचं विसरा. धान्याचा एक पूर्ण रेक (अख्खी मालगाडी) अडीच हजार टनांच्या वर असतो, तुमचा वर्षाचा माल १,७०० टन.

डाळ मिलनं जागा गावांकडं सरकते. १०० किलो तुरीतून व्यापारी गिरणीत ७० ते ७५ किलो डाळ, बाकी चुणी, टरफल आणि तुकडा. चुणी-टरफल जनावरांच्या खाद्याला आसपासच्या गावांतच खपतं, ते लातूरला जात नाही. म्हणजे तुरीचं जावक वजन चौथ्या हिश्शानं घटलं. प्रक्रियेत वजन जितकं जास्त घटतं तितकं युनिट रानाजवळ. ऊस घ्या, १०० किलोला साखर १० ते ११ किलो, म्हणून कारखाना उसात. उलट बर्फाचा कारखाना शहरात, कारण पाणी दोन्हीकडं मिळतं आणि बर्फ वाटेत वितळतो.

कापसाला मात्र हे तसंच्या तसं लावू नका. कापसानं गाडी वजनानं भरायच्या आधी आकारानं भरते. सुट्या कापसाचा ट्रक अर्ध्या वजनावरच फुगलेला दिसतो, आणि जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या १७० किलोच्या गाठी दाबून बसतात. तिथं क्विंटलचा दर न धरता खेपेचा दर धरायचा.

मालमोटार

जागा क असो की फाटा, सौदा करायच्या आधी एवढं मोजून या, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा:

फाटा ते क मधल्या प्रत्येक नळकांडी पुलाची आणि फरशीची रुंदी. वजनमर्यादेचा फलक असेल तर त्यावर किती टन लिहिलेत ते. परतीच्या पावसात फरशीवरून पाणी किती दिवस वाहतं ते त्या रस्त्यानं दूध नेणाऱ्याला विचारा, त्याला तारखेनिशी माहीत असतं. गावातून जाताना विजेच्या तारा किती उंचीवर, कमान आहे का. माल भरून ताडपत्री बांधलेल्या गाडीची उंची धरून बघा, रिकाम्या गाडीची नाही.

जागेच्या आत दहा टायरला रिव्हर्स न घेता फिरायचं तर २५ मीटर मोकळं पाहिजे. काळी जमीन असेल तर तेवढ्या भागात मुरूम आणि खडीचा थर दाबून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात भरलेली गाडी अ‍ॅक्सलपर्यंत खाली. गोदामाचा पायाही काळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत न्या, ती माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते आणि भिंत फाडते. हा खर्च क मध्ये जास्त येईल की फाट्यावर, ते खड्डा घेऊन बघितल्याशिवाय सांगता येत नाही. दोन्ही जागी सहा-सहा फुटांचे खड्डे घ्या.

फाट्याची जागा राष्ट्रीय महामार्गाला लागून असेल तर महामार्गावरून आत वळायची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि बांधकाम रेषेमुळं समोरच्या पट्ट्यात काही बांधता येत नाही. दोन एकर म्हणून घ्याल आणि वापरायला दीड निघेल. तो पट्टा ट्रक उभे करायला चालतो, म्हणून अगदी वाया जात नाही. पण भाव ठरवताना विक्रेत्याला हे माहीत असतं आणि घेणाऱ्याला नसतं.

शेतमाल_गट

रविवारी फरशी मोजायला जातो. अ गावची दोन वर्षांची पावती पुस्तकंही काढायला सांगितलीत. खड्ड्यांचं जेसीबीवाल्याला विचारलंय, पण फाट्याच्या जागेचा मालक म्हणतो आधी इसार द्या, मग खणा.

मालमोटार

इसार देऊ नका. खणून भरून देतो असं लिहून द्या.